बिशपाची खुर्ची आणि देणाऱ्याचा हक्क

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

बिशप हा शब्द आपल्या ओसरीवर सहसा निघत नाहीं. निघालाच तर “गोऱ्या सायबाचा मोठा पाद्री” एवढ्यावर गोष्ट संपते. मग खेड्यांतल्या एका मास्तरानें नागपूरच्या बिशपाची हकीकत तुमच्यापुढें मांडावी ती कशासाठीं? उत्तर आधींच देतों. ज्या चर्चची ही हकीकत आहे, त्याच्या पाद्र्यांचा पगार एके काळीं सरकारी तिजोरींतून जात असे; आणि त्या तिजोरींत आपल्या आज्या-पणज्यांनीं भरलेला शेतसारा होता. “हा पैसा कां जातो?” असें विचारण्याची सोय त्यांना ठेवलेली नव्हती. पुढें त्याच चर्चच्या लोकांनीं आपला कारभार सरकारच्या हातून सोडवून घेतला आणि तो स्वतःच्या पंचांच्या हातीं आणण्याची खटपट केली. ती खटपट कोठें साधली आणि कोठें अडली हें नीट पाहिलें, तर आपल्या गांवच्या देवळाच्या दानपेटीकडे पाहण्याची दृष्टि सुधारेल. मला कोणास ख्रिस्ती करावयाचें नाहीं, कीं कोणाच्या धर्मास नांवें ठेवावयाचीं नाहींत. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेबाला जात नसते.

आधीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे सगळे पाद्री एकाच माळेचे मणी समजतात. तसें नाहीं. जोतीराव फुले ज्या शाळेंत इंग्रजी शिकले ती पुण्याची शाळा स्कॉटिश मिशनची. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें तेंही स्कॉटिश मंडळीचेंच. आमच्या वाशिमास आधीं अमेरिकन मेथॉडिस्टांचें ठाणें होतें. मग नाझरीन मंडळी आली आणि १९३८ सालीं तिनें रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल काढलें. या मंडळ्यांचें काम मुख्यतः विलायतेंतल्या व अमेरिकेंतल्या भाविकांच्या वर्गणीवर चाले. त्यांचें काम कोणास आवडो न आवडो, त्यांच्या धर्मोपदेशकाचा पगार आपल्या साऱ्यांतून जात नव्हता.

चर्च ऑफ इंग्लंडची गोष्ट निराळी. इंग्लंडांत त्या चर्चचा मुख्य तेथील राजा. म्हणून जेथें इंग्रजांचें राज्य गेलें, तेथें हें चर्च एखाद्या सरकारी खात्यासारखें मागोमाग गेलें. १८१३ सालीं कंपनीची सनद नवी करतांना पार्लमेंटनें कायदाच केला कीं, हिंदुस्थानांत एक बिशप व तीन आर्चडीकन नेमावे; बिशपास वर्षाला ५,००० पौंड आणि प्रत्येक आर्चडीकनास २,००० पौंड द्यावे; आणि हा पैसा हिंदुस्थानच्या वसुलांतून काढावा. त्याप्रमाणें मिडल्टन हे पहिले बिशप १८१४ सालीं कलकत्त्यास आले. मग १८३५ सालीं मद्रासला दुसरा धर्मप्रांत झाला व १८३७ सालीं मुंबईला तिसरा. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार.

हा बंदोबस्त कोणासाठीं होता? गांवकऱ्यांसाठीं खास नव्हता. छावणींतल्या गोऱ्या शिपायाचें लग्न लावणें, त्याच्या पोराला बाप्तिस्मा देणें, तो मेला तर त्याला माती देणें आणि कलेक्टर-कमिशनरांची रविवारची उपासना चालविणें हें सरकारी पाद्र्याचें मुख्य काम. त्याला चॅपलेन म्हणत. सरकारी चॅपलेन व मिशनरी हे दोन वेगळे. एक सरकारचा नोकर, दुसरा वर्गणीवर जगणारा. दोघांवर देखरेख मात्र एकाच बिशपाची असे.

नागपूरचा धर्मप्रांत झाला १९०३ सालीं. तें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९०२ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें दिला आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांताला जोडण्यांत आला. म्हणजे ज्या सालीं आमचा वऱ्हाड नागपूरच्या कारभारांत गेला, त्याच सालीं तो नागपूरच्या बिशपाच्या नकाशांतही गेला. पहिले बिशप एअर चॅटरटन. ते आयर्लंडचे; त्यापूर्वीं हजारीबागेस डब्लिन विद्यापीठाच्या मिशनांत काम करीत. त्यांच्याकडे मध्यप्रांत, वऱ्हाड, मध्य हिंदुस्थानांतील संस्थानें आणि राजपुताना एवढा टापू सोंपविला. जऊळक्याचा कुणबी आणि अजमेरचा भिस्ती एकाच बिशपाच्या हद्दींत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाहीं! चॅटरटन साहेब अभ्यासू होते. गोंडवनावर त्यांनीं १९१६ सालीं एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. १९२६ पर्यंत ते त्या जागेवर राहिले.

आतां या कारभाराची रचना समजून घेऊं. आपल्याला महसुलाची रचना ठाऊक आहे: गांव, तलाठ्याचा सज्जा, तहसील, जिल्हा. तशीच ही आहे. एका पाळकाच्या देखरेखीखालच्या एक किंवा अनेक गांवांच्या मंडळ्या मिळून एक पास्टरेट होतो. तो समजा सज्जा. अशा अनेक पास्टरेटांचा मिळून एक धर्मप्रांत, ज्याला ते डायोसिस म्हणतात, तो जिल्हा. त्याचा मुख्य बिशप. धर्मसेवकांच्या तीन पायऱ्या: सर्वांत खालीं डीकन, त्यावर पाळक, त्यावर बिशप. नवा पाळक करावयाचा तर बिशपानेंच त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागतो. बिशपाची खुर्ची ज्या देवळांत असते त्याला कॅथीड्रल म्हणतात, मग इमारत लहान असो कीं मोठी. काथेड्रा या शब्दाचा अर्थच खुर्ची. नागपुरास तो मान ऑल सेंट्स चर्चला मिळाला.

रचना चांगली आहे. पण कोणत्याही रचनेला दोन प्रश्न विचारावे लागतात: खुर्चीवर कोण बसवितो, आणि पैसा कोण मोजतो? जुन्या काळीं दोन्हींचें उत्तर एकच होतें. कलकत्ता, मद्रास, मुंबई येथले बिशप इंग्लंडच्या राजाच्या पत्रानें नेमले जात, आणि पैसा हिंदुस्थान सरकार मोजी. रयतेचा हात फक्त भरण्यापुरता.

हें किती पक्कें होतें त्याचा दाखला कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९१९ च्या सुधारणांनीं दिल्लीच्या कायदेमंडळांत निवडून दिलेले लोक बसले, त्यांना कांहीं खर्चांवर मत देण्याचा हक्क मिळाला; पण या धर्मखात्याचा खर्च लष्कराच्या खर्चाबरोबर मताबाहेर ठेवला. १९३५ च्या कायद्यांत त्यावर मर्यादा लिहिली ती वर्षाला ४२ लाख रुपयांची, पेन्शन वेगळें. तरी मत देण्याचा हक्क नाहींच. यांतला पैसा एकट्या इंग्लिश चर्चलाच जाई असें नाहीं. स्कॉटिश व रोमन पाद्र्यांनाही सैनिकांच्या सेवेसाठीं त्यांतून मिळे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण बोंडअळीनें कापूस बुडो कीं भाव पडो, सारा भरावाच लागणाऱ्या शेतकऱ्यानें ज्या धर्माशीं आपला संबंध नाहीं त्याच्या पुरोहितास पोसावें, हा अन्याय तो अन्यायच. स्वातंत्र्यानंतर हें खातें बंद झालें. आज राज्यघटनेचें २७ वें कलम सांगतें कीं, एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठीं खर्चावयाचा कर देण्याची सक्ति कोणावर करतां येणार नाहीं. हें कलम आपण शाळेंत पोरांकडून घोकून घेतों. तें कोणत्या जुन्या दुखण्यावरचें औषध आहे तेंही त्यांना सांगावें.

आतां दुसरी बाजू. चर्चच्या आंतल्या शहाण्या लोकांनाच ही स्थिति खुपूं लागली. ख्रिस्ताचें नांव घ्यावें आणि भाकरी सरकारची खावी, मग गरीब माणूस आपल्याला सरकारचाच माणूस समजणार, हें त्यांना दिसत होतें. १९१२ सालीं व्ही. एस. अझरायाह यांस तेलंगणांतील दोर्नकल येथें बिशप केलें. चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेंतले ते पहिले हिंदी बिशप. ते कोठल्या मोठ्या घराण्यांतले नव्हते. तिनेवेल्लीकडच्या एका खेड्यांतल्या पाळकाचे चिरंजीव, आणि जात नाडार, ज्या जातीचा जुना धंदा ताडाच्या झाडावर चढण्याचा. ताडावर चढणाऱ्यांच्या कुळांतला माणूस बिशपाच्या खुर्चीवर बसला तेव्हां पुष्कळ गोऱ्या पाद्र्यांनाही तें पचलें नाहीं. पण त्यांनीं १९४५ मध्यें मरेपर्यंत काम करून दाखविलें.

१९२७ सालीं पार्लमेंटनें कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून हिंदुस्थानचें हें चर्च इंग्लंडच्या राजसत्तेपासून मोकळें झालें. आतां त्याचे नियम त्याचेंच मंडळ करणार. त्या मंडळांत बिशप, पाळक आणि साधे सभासद असे तीन गट. याच सुमारास, १९२९ सालीं, मुंबईच्या प्रांतांतून नाशिकचा वेगळा प्रांत काढला. त्याचे पहिले बिशप फिलिप लॉइड.

कागद झाला, पण खुर्ची? येथें लक्ष द्या. नागपुरास चॅटरटन यांच्यामागून अलेक्स वुड आले, मग हार्डी, मग सिंकर. चौघेही गोरे. पहिला हिंदी माणूस, जॉन सादिक, नागपूरचा बिशप झाला तो १९५७ सालीं. प्रांत होऊन ५४ वर्षें, चर्च मोकळें होऊन २७ वर्षें, आणि देश स्वतंत्र होऊनही दहा वर्षें गेल्यावर! कायदा एका दिवसांत होतो; खुर्ची पिढीनें रिकामी होते. जे लोक कायदा झाला कीं घरीं जाऊन झोंपतात, त्यांच्या नशिबीं हाच उशीर असतो.

पुढची मोठी गोष्ट नागपुरासच घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारांत सहा मंडळ्या एक झाल्या: जुनें इंग्लिश परंपरेचें चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल लोकांचें संयुक्त चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. या एकीचें नांव चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दक्षिणेंत अशी एकी २७ सप्टेंबर १९४७ रोजींच मद्रासला झाली होती. ज्यांच्यांत बिशप होता ते, आणि ज्यांच्यांत तो कधींच नव्हता ते, एका पंगतीस बसले. तडजोड अशी कीं, बिशप राहील, पण घटनेनें बांधलेला राहील. गांवच्या पास्टरेटची कमिटी सभासदांनीं निवडावी, प्रांताचें कौन्सिल असावें, आणि सर्वांवर सिनड. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या घटकेस बाहेर राहिले, आणि आमच्या वाशिमचे नाझरीनही या एकींत नाहींत. म्हणून सगळी ख्रिस्ती मंडळी एक झाली असें कोणी समजूं नये.

मग या चर्चमध्यें सारें आलबेल आहे काय? नाहीं. पहिलें दुखणें जातीचें. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालीं दक्षिणेंतल्या मंडळ्यांना बजावलें कीं, चर्चमध्यें जात पाळणें ताबडतोब आणि कायमचें सोडा. त्यावर कित्येक वरच्या जातीचे ख्रिस्ती रुसून निघून गेले. धर्म बदलला तरी जात उंबऱ्याच्या आंत येऊन बसते. उलट सरकारचें गणित पहा: १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला, पुढें १९५६ सालीं शिखांना व १९९० सालीं बौद्धांना दिला, ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो अजून नाहीं. शेजारी त्याला जुन्याच नांवानें ओळखतो आणि कचेरी म्हणते तुझी जात गेली!

दुसरें दुखणें मालमत्तेचें. इंग्रजी अमदानींत शहरांच्या मोक्याच्या जागीं मिळालेल्या जमिनी आज सोन्याच्या भावाच्या झाल्या. त्या मंडळीच्या नांवानें विश्वस्तांकडे असतात. जेथें सभासद वार्षिक सभेस जातात आणि वही उघडावयास लावतात तेथें कारभार सरळ चालतो. जेथें “बिशपसाहेब आणि वकील पाहून घेतील” म्हणून सभासद घरीं बसतात तेथें प्रकरण कोर्टांत जातें. मतदानाचा हक्क कागदावर असून भागत नाहीं. तो वापरावा लागतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. पंढरपूर पहा. ज्या विठोबाला कुणबी, माळी, कुंभार, चांभार पायीं चालत जातो, त्याच्या गाभाऱ्यावर बडवे-उत्पातांचा वंशपरंपरेचा हक्क होता. १९७३ सालीं कायदा झाला कीं हा हक्क संपला. कोर्टबाजी चालली ती जानेवारी २०१४ मध्यें सुप्रीम कोर्टानें निकाल देईपर्यंत. म्हणजे ४१ वर्षें! चर्च मोकळें झाल्यावर नागपूरच्या खुर्चीला लागलेल्या २७ वर्षांपेक्षां हा वेळ मोठा. आणि शेवटीं किल्ली कोणाच्या हातीं आली? सरकारनें नेमलेल्या समितीच्या. वारकऱ्यानें मत देऊन निवडलेल्या पंचांच्या नव्हे. वंशपरंपरा गेली हें फार चांगलें झालें. पण देणाऱ्याचा हक्क अजून आला नाहीं. येथें मला चर्चच्या घटनेंतली एक गोष्ट घ्यावीशी वाटते: पैसा देणाऱ्या मंडळीनेंच आपली कमिटी निवडावी.

आमच्याच जिल्ह्यांतलें शिरपूर आठवा. अंतरिक्ष पार्श्वनाथाचें तें प्रसिद्ध देऊळ, दोन पंथांच्या वादापायीं १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलपांत राहिलें. देव आंत आणि भक्त दारांत. कारभाराचा तंटा वेळींच सभेंत मिटला नाहीं म्हणजे काय होतें, हें पाहण्यास लांब जावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर, देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको हें आपल्याला थोरांनीं शिकविलें. मग बिशपाची रचना कशाला वाखाणतां? मी बिशपाला वाखाणत नाहीं. प्रार्थनेला मध्यस्थ नको हें खरेंच. पण देवळाला छप्पर लागतें, सप्ताहाला धान्य लागतें, जमीन असेल तर तिचा खंड येतो. आणि जेथें पैसा आला तेथें तो सांभाळणारा आला. सेवा सोसायटीला चेअरमन लागतो तसाच. त्याला निवडणारे आपण असावें, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि त्यानें सर्वांसमक्ष हिशेब द्यावा, एवढेंच माझें म्हणणें. सोसायटींत दोन पोत्यांच्या खतासाठीं भांडणारा आपला शेतकरी देवळाच्या पेटीपुढें मात्र हात जोडून गप्प उभा राहतो. भक्ति देवाची करावी; विश्वस्ताची करूं नये.

दुसरा कोणी म्हणेल, हा कायद्याचा विषय, आपण अडाणी. कायदा आपल्याच बाजूचा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें देऊळ, चर्च यांच्या विश्वस्तांना नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, विश्वस्त बदलले तर धर्मादाय कचेरीला कळवावें लागतें. पण गांवांतून कोणी अर्जच केला नाहीं तर कचेरींतला बाबू आपण होऊन देवळांत येत नाहीं.

तेव्हां माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: ज्या देवळाला, उरुसाला किंवा सप्ताहाला गांवची वर्गणी जाते, त्याचा जमाखर्च दरसाल गुढीपाडव्याच्या आंत चावडीवर लावावा, वाचतां न येणाऱ्यांसाठीं मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि तें वाचण्याचें काम शाळेंतल्या वरच्या वर्गाच्या मुलामुलींना द्यावें. दुसरी: पंच कायमचे नकोत, तीन वर्षांनीं बदलावे, आणि त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, मातंग, बौद्ध, वंजारी जे जे वर्गणी देतात त्यांचा माणूस असावा. बायका असाव्या, कारण पेटींत पडणारा पैसा बहुतेक त्यांच्याच पदराच्या गांठीचा असतो. दक्षिणेच्या चर्चनें २०१३ सालीं पुष्पा ललिता या बाईस बिशप केलें. आपल्याला देवळाच्या कमिटींत दोन बायका बसवितां येऊं नयेत? तिसरी: धर्माच्या कामासाठीं सरकारकडे हात पसरूं नये. सरकारी पैशाबरोबर सरकारी माणूस येतो, हें चर्च ऑफ इंग्लंडनें शंभरांहून अधिक वर्षें अनुभवलें, आणि त्या चर्चच्या लोकांना तें ओझें उतरविण्यास किती वर्षें लागलीं तें वर सांगितलेंच आहे.

चर्चवाल्यांनीं परक्या राजाच्या हातून आपला कारभार सोडविला. आपल्याला तर कोणा राजाशीं झगडावयाचें नाहीं. आपल्याच गांवच्या चार माणसांना वही उघडा म्हणावयाचें आहे. या पाडव्याला तेवढें म्हणा. पहिल्या वर्षीं तोंडें वांकडीं होतील, दुसऱ्या वर्षीं वही येईल, आणि तिसऱ्या वर्षीं वही न आणणाऱ्याला पंच म्हणून कोणी निवडणार नाहीं.

आपला,
एक मराठी शाळामास्तर, जऊळका